निमखाऱ्या पाण्याचा संसार, रायपुरात

रायपूरच्या नळाला येणारे पाणी खारून नदीचे. बालोद जिल्ह्यात उगम पावणारी ही लहानशी नदी शहराच्या पश्चिमेकडून वाहते. भाटागावजवळ तिचे पाणी उचलून शहराला पुरवतात, आणि उन्हाळ्यात तिचा ओघ आटला की गंगरेल धरणातले महानदीचे पाणी कालव्याने आणून तिच्यात सोडावे लागते. रायपूर ओलांडल्यावर खारून सोमनाथपाशी शिवनाथला मिळते, शिवनाथ शिवरीनारायणच्या परिसरात महानदीला, आणि महानदी हिराकुडच्या जलाशयातून उतरून कटककडे जाते. तिथे नराजपाशी तिला फाटे फुटतात. त्यांतल्या दया आणि भार्गवी या शाखांचे पाणी चिलिका सरोवरात उतरते.

चिलिका हे भारतातले सर्वांत मोठे निमखारे सरोवर. पावसाळ्यात ते फुगून सुमारे 1,165 चौरस किलोमीटर होते, उन्हाळ्यात 900च्या आसपास आक्रसते. महानदीला पूर आला की त्याची उत्तरेकडची बाजू जवळजवळ गोडी होते, आणि चैत्र-वैशाखात मुखाजवळचे पाणी समुद्राइतके खारट होते. रायपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. इथे तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात, तेवढाच काय तो समुद्र. पण इथल्या पाण्याचा शेवटचा मुक्काम निमखाऱ्या पाण्यातच आहे, आणि रायपुरातल्या एखाद्या दिवाणखान्यात निमखाऱ्या पाण्याची टाकी मांडण्याचा विचार मी याच वाटेने करतो. ज्या पाण्याने आपण तांदूळ धुतो तेच पाणी पुढे जाऊन काय होते, कोणाला पोसते, हे त्या टाकीत पाहता येते.

शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानांत निमखाऱ्या पाण्यातले मासे मिळतात. रायपूर हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे, आणि शोभिवंत माशांच्या व्यापारात कोलकाता हे देशातले सर्वांत मोठे केंद्र. प्राणवायू भरलेल्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यांत घालून मासे तिथून येतात. अडचण अशी की खोके फोडल्यावर सगळ्यांना एकाच गोड्या पाण्यात सोडले जाते. ठिपक्यांचा चपटा स्कॅट, चंदेरी मोनो, फुगणारा हिरवा पफर, ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी मार्जारमासा हे सगळे गप्पीच्या शेजारी पोहताना दिसतात. लहान वयात ते गोड्या पाण्यात तग धरतात, कारण निसर्गातही त्यांची पिल्ले खाडीच्या वरच्या, गोडसर भागात वाढतात. घरी नेल्यावर काही महिने ठीक जातात. मग मासा काळवंडतो, पर झिजतात, अन्न सोडतो आणि एक दिवस जातो. मालकाला वाटते, आपल्या हाताला मासे लाभत नाहीत. खरे कारण पाण्यात असते. विकणाऱ्याने पिशवीवर ‘निमखारे’ एवढा एक शब्द लिहिला तरी कितीतरी मासे वाचतील, आणि तो लिहिला जात नाही याचा मला मनापासून राग आहे.

उलटी चूकही होते. काचेसारखा पारदर्शक चांदा मासा मुळात नद्या-तळ्यांतला, आपल्या भागातल्या गोड्या पाण्यातही सापडणारा. त्याला मीठ लागतेच असे सांगून विकतात. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या अंगात सुईने रंग भरून त्याला ‘रंगीत काचमासा’ करतात. असा मासा कुठे दिसला तर विकत घेऊ नये. मागणी थांबली की सुई थांबेल.

मीठ म्हणजे नेमके किती? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याची घनता गोड्या पाण्याच्या तुलनेत 1.025च्या आसपास भरते. निमखाऱ्या टाकीसाठी 1.005 ही चांगली सुरुवात. त्यात लिटरला साधारण आठ-नऊ ग्रॅम क्षार येतात. दवाखान्यात हाताला लावतात त्या सलाईनच्या बाटलीतही लिटरला 9 ग्रॅमच मीठ असते, आणि हे साम्य कामाचे आहे. हाडे असलेल्या बहुतेक माशांच्या रक्ताचा खारटपणा समुद्राच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा असतो. गोड्या पाण्यात माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत राहते, क्षार बाहेर झिरपतात. म्हणून तो भरपूर लघवी करतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी पाण्यातले क्षार ओढून घेतो. समुद्रात सगळे उलटते. पाणी बाहेर जाऊ पाहते, मासा समुद्र पितो, आणि त्याच कल्ल्यांतून जादा क्षार बाहेर टाकतो. खाडीतल्या माशाला दोन्ही कामे येतात. एका भरती-ओहोटीत तो एका कामावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, पण त्याचा खर्च त्याला सोसावा लागतो. रक्ताच्या जवळपास खारट असलेल्या पाण्यात हा खर्च सर्वांत कमी होतो.

मिठाच्या या हिशेबावर किती जीव अवलंबून असतात हे चिलिकाने देशाला दाखवले आहे. नद्यांच्या गाळाने आणि किनाऱ्यालगत सरकणाऱ्या वाळूने समुद्राशी जोडणारी वाट अरुंद होत गेली. सरोवर गोडे होऊ लागले, पाणवनस्पती माजल्या, मासेमारी बसली. रामसर यादीतल्या या पाणथळीचे नाव 1993 साली धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेले. सप्टेंबर 2000 मध्ये चिलिका विकास प्राधिकरणाने वाळूच्या दांड्यातून समुद्राकडे नवे मुख उघडले. 1999-2000 साली सुमारे 1,750 टन असलेली मासळी, कोळंबी आणि खेकड्यांची पकड 2001-02 साली सुमारे 12,000 टनांवर गेली, आणि 2002 मध्ये चिलिकाचे नाव त्या यादीतून काढले गेले. तिथे कोणी मासे नेऊन सोडले नव्हते. पाणी दुरुस्त झाले आणि मासे आपणहून आले.

टाकीच्या बाबतीतही माझे सांगणे एवढेच आहे: आधी पाणी वसवावे, मग मासे आणावेत. ‘टाकी सायकल करणे’ असे हौशी लोक ज्याला म्हणतात ते हेच वसवणे. नव्या टाकीत काच असते, वाळू असते, फिल्टर घरघरत असतो, पाणी स्फटिकासारखे दिसते. आणि मासा सोडला की आठवड्याभरात मरतो. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, उरलेले खाद्य कुजून अमोनिया होतो, आणि तो खाणारे जिवाणू टाकीत अजून राहायला आलेले नसतात. ते आले की काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन विषे आहेत. नायट्रेट बेताने असेल तर मासे सोसतात, आणि पाणी बदलले की ते निघून जाते.

हे कोडे ज्यांनी सोडवले त्यांची हकिगत मला फार आवडते. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने काचेच्या टाकीत दोन सोनमासे, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून त्यांचा मेळ जमवला, आणि 1850 साली ते केमिकल सोसायटीपुढे मांडले. घरगुती मत्स्यालयाची ही शास्त्रीय सुरुवात. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजके पान खाते, इथवर त्याला दिसले होते. अमोनियाचे काय होते ते दिसले नव्हते. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ यांनी काचेच्या लांब नळीत वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली आणि तिच्यातून सांडपाणी सावकाश झिरपवले. सुमारे वीस दिवस काही घडले नाही. मग अमोनिया कमी होऊन खालून नायट्रेट निघू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले, म्हणजे काम करणारे काहीतरी जिवंत होते. त्यानंतर याच प्रश्नामागे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत जो माणूस वर्षानुवर्षे लागला आणि ज्याने हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या जिवाणूंकडून होते असे दाखवले, तोही रॉबर्ट वॉरिंग्टनच, पहिल्याचा मुलगा. बापाने टाकी मांडली, मुलाने तिच्यातले अदृश्य रहिवासी ओळखले. त्यांना वेगळे करून वाढवण्याचे यश मात्र 1890 साली झ्युरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीला मिळाले.

पुढची शंभर वर्षे पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ होत राहिली. 1998 साली टिमोथी होव्हानेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांतले जिवाणू त्यांच्या जनुकांवरून तपासले, तेव्हा नायट्राइट खाणारा मुख्य जीव नायट्रोस्पिराच्या जातकुळीतला निघाला. 2015 मध्ये तर नायट्रोस्पिरातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात हे उघड झाले, आणि असे एक उदाहरण मत्स्यसंवर्धनाच्या फिल्टरमध्येच सापडले. निमखाऱ्या टाकीसाठी याच संशोधनातली आणखी एक गोष्ट मोलाची आहे. गोड्या आणि खाऱ्या टाक्यांत अमोनिया खाणारे जिवाणू एकसारखे नसतात. म्हणून चांगली मुरलेली गोड्या पाण्याची टाकी एका दिवसात खारी केली तर फिल्टर लंगडा पडतो, अमोनिया वर येतो आणि दोष मिठाला दिला जातो. घनता आठवड्याला 0.001 ते 0.002 एवढीच चढवली, तर वस्तीतले जिवाणू जुळवून घेतात आणि ज्यांना जमत नाही त्यांची जागा दुसरे घेतात. टाकी नवीनच असेल तर पहिल्या दिवसापासून 1.005वर ठेवून तिथेच वस्ती होऊ द्यावी. मला हाच मार्ग अधिक सरळ वाटतो.

श्लोझिंग-म्युन्झच्या नळीतली चुनखडी उगाच नव्हती. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करताना जिवाणू सुमारे सात मिलिग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्च करतात. ती संपली की पाणी आम्ल होते आणि कामच बंद पडते. मऊ पाण्याच्या गावांत निमखाऱ्या टाकीवाल्याला ही चिंता रोजची. रायपूर तर चुनखडीवरच बसले आहे. छत्तीसगढच्या या मैदानाखाली चुनखडीचे थर दूरवर पसरले आहेत. बलौदाबाजारकडचे सिमेंट कारखाने त्यांच्याच जिवावर चालतात, आणि इथल्या जुन्या घरांतली फरशी त्याच दगडाची. बोअरिंगचे पाणी इतके जड की किटलीत पांढरी खपली धरते. बायका या पाण्याला कंटाळतात, डाळ शिजत नाही म्हणतात. निमखाऱ्या माशांना मात्र जड, अल्कधर्मी, साडेसात ते साडेआठ पीएचचेच पाणी हवे असते. आरओचे महागडे पाणी इथे लागत नाही. फरशीच्या दगडाचा तुकडा घेऊन त्यावर लिंबू पिळावे. बुडबुडे आले की चुनखडी ओळखावी, स्वच्छ घासून टाकीत मांडावी. तो दिसतोही सुंदर, फिकट राखाडी, कधी जांभळट.

या अल्कधर्मी पाण्याची एक वाईट बाजू आहे. पीएच जितका चढा तितका अमोनिया अधिक विषारी. सात पीएचला एकूण अमोनियातला शंभरात एक भागही मोकळ्या, विषारी रूपात नसतो. उबदार पाण्यात आठ पीएचला तो सहा-सात भागांवर जातो. म्हणजे सायकल पुरी न करता मासे टाकण्याची शिक्षा निमखाऱ्या टाकीत जबर. नायट्राइटच्या बाबतीत मात्र मीठ माशाची पाठराखण करते, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो.

आता प्रत्यक्ष मांडणी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण 200 लिटर पाणी राहते. याहून लहान टाकीत सुरुवात करू नये. थोड्या पाण्यात चूक लवकर मोठी होते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन अँटी-क्लोरीनच्या थेंबांनी मोडावे. मीठ समुद्री टाक्यांसाठी मिळते ते तयार मिश्रणच घ्यावे, 200 लिटरला सुमारे 1.8 किलो. स्वयंपाकाचे किंवा खड्याचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. त्यात समुद्राचे मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पाणी स्थिर ठेवणारे बाकीचे क्षार नसतात. दुकानात ‘दोन मुठी खडेमीठ टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. गोड्या पाण्यातल्या आजारी माशाला तो कधी उपयोगी पडेलही, निमखारी टाकी त्यावर चालत नाही. मीठ बादलीत विरघळवून, रात्रभर हवा सोडून, मगच टाकीत ओतावे. खारटपणा मोजायला तरंगता हायड्रोमीटर चालतो, रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा.

मग जिवाणूंचे जेवण. माशांना यातना देऊन टाकी सायकल करायची पद्धत आता सोडून द्यायला हवी. कल्हईवाला भांडे तापवून त्यात जो नवसागर टाकायचा, तो म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि टाकीला हवा तो अमोनिया त्यातच आहे. बाजारातला नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. 200 लिटरला सव्वा ग्रॅम टाकला की अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास जातो. फिल्टर आणि हवेचा पंप अखंड चालू ठेवावा, कारण या जिवाणूंना माशांइतकाच प्राणवायू लागतो. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज पिळून मिळाला तर काम लवकर होते. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट पाहावे. पहिल्यांदा अमोनिया उतरू लागतो, मग नायट्राइट चढतो आणि बराच काळ हटत नाही. याच टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो. अमोनिया संपेल तसा पुन्हा नवसागर द्यावा. टाकलेला दोन मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसला की पाणी वसले. उबदार पाण्यात याला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत हीटर नसेल तर खूप अधिक. निम्मे पाणी बदलून नायट्रेट काढावे, आणि त्या दिवशी पहिला मासा आणावा.

स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. नळातल्या क्लोरीनने महिन्याभराची वस्ती मरू शकते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळावा.

मासे कोणते, हा प्रश्न सर्वांत गोड आणि सर्वांत धोक्याचा. दुकानातला रुपयाएवढा स्कॅट वाढून ताटलीएवढा होतो, मोनो थव्याने राहतो आणि वीतभर होतो, आणि दोघांनाही मोठेपणी पाणी समुद्राकडे झुकलेले लागते. पाचशे लिटरच्या खाली त्यांचा विचार करू नये. हिरवा पफर देखणा आणि बुद्धिमान, पण शेजाऱ्यांचे पर कुरतडतो. त्याला एकट्याला स्वतंत्र टाकी द्यावी. पाण्याची पिचकारी मारून फांदीवरचा किडा पाडणारा धनुर्धारी मासा पाहून कोणाचेही मन जाते. त्याला उंच, झाकलेली, वर हात-दीड हात मोकळी हवा असलेली टाकी लागते आणि तो तोंडात मावेल तो लहान मासा गिळतो.

दोनशे लिटरच्या टाकीसाठी माझी निवड अशी. आधी आठ-दहा मॉली. मूळच्या मेक्सिकोकडच्या, पण आता सगळीकडे पैदास होणाऱ्या, गोड्यापासून समुद्राच्या पाण्यापर्यंत कुठेही राहणाऱ्या, शेवाळ खाणाऱ्या. गोड्या पाण्यात रोगट राहणारी मॉली निमखाऱ्या पाण्यात कशी टवटवीत होते हे पाहण्यासारखे आहे. दोन-तीन आठवड्यांनी चार-पाच नाइट गोबी, ठिपक्याठिपक्यांचे, तळाशी ऐटीत बसणारे. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले, म्हणजे हे आपल्याच पूर्वेकडच्या खाड्यांचे रहिवासी. सर्वांत शेवटी सहा नारिंगी क्रोमाइड. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला हा बोटाएवढा मासा, खास आपला, आणि तरी परदेशी माशांच्या गर्दीत दुर्लक्षित. नर-मादी दोघे मिळून अंडी आणि पिल्ले सांभाळतात. पिल्ले आईबापांच्या अंगाला घासून त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव खातात. निसर्गात तो आपल्या मोठ्या भावकीतल्या माशाच्या, म्हणजे काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला स्वच्छ करतो, असे वायमन आणि वॉर्ड यांनी 1972 मध्ये लिहिले. तोच संधी मिळाली की काळुंदराची अंडी आणि पिल्लेही खातो. जोड्या जमल्या की क्रोमाइड कोपरा अडवतात, म्हणून दगडांच्या आडोशाची दोन-तीन ठिकाणे आधीच करून ठेवावीत. वनस्पती फार टिकत नाहीत; जावा फर्न आणि व्हॅलिसनेरिया कमी खारटपणात निभावतात.

काळुंदर म्हटल्यावर कोकणी आणि गोवेकर वाचकाच्या जिभेला आठवण येईल. खाजणातला, खाडीतला तो चपटा, मोत्यांचे ठिपके असलेला मासा, केरळने 2010 साली राज्यमासा म्हणून मान दिलेला. चिलिकातही तो आहे. रायपुरात मराठी घरे भोसल्यांच्या काळापासून आहेत, तात्यापारा ही त्यांची जुनी वस्ती, आणि 1935 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आजही भरभरून चालते. त्यांतल्या ज्यांची मुळे कोकणात आहेत त्यांना निवटी माहीत असतात: ओहोटीच्या चिखलावर उड्या मारणारा, डोळे वर काढून बघणारा, बाजारात जिवंत विकायला येणारा तो मासा. त्याला टाकीत ठेवायचे तर अर्धी टाकी चिखल-वाळूची जमीन हवी आणि वर घट्ट झाकण हवे. इतर माशांबरोबर त्याला ठेवू नये. आणि खाडीवर गेल्यावर तिथले मासे वा तिवरांची रोपे उचलून आणू नयेत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने काळुंदराबरोबर मोनो आणि स्कॅट यांचीही बंदिस्त पैदास साधली आहे. दुकानदाराकडे अशा पैदाशीचे मासे मागावेत. मागणारे वाढले तर ते रायपूरपर्यंत येतील.

रायपूरचा उन्हाळा ही या टाकीची खरी परीक्षा. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, हवा कोरडी असते आणि टाकीतले पाणी रोज दिसेल इतके उडते. पाणी उडते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरमधले वीस लिटर उडाले तर लिटरला 9 ग्रॅमचे 10 होतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी क्लोरीन मोडलेले गोडे पाणीच घालावे, मिठाचे नाही. काचेवर पातळीची खूण करून ठेवली की रोजचा अंदाज राहतो. साप्ताहिक पाणीबदल, वीस-पंचवीस टक्क्यांचा, तो मात्र खारट पाण्यानेच करावा. टाकीवर छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते आणि आणखी वेगाने उडते, हे लक्षात असू द्यावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना गोड्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच, खाऱ्यात त्याहूनही कमी. वैशाखातल्या वादळात वीज गेली तर आधी गुदमरतो तो फिल्टरमधला जिवाणू, मागोमाग मासा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावाच. आणि त्या दिवसांत खायला निम्मे द्यावे.

काढलेले खारे पाणी कुंड्यांना घालू नये, झाडे मरतात. नकोसा झालेला मासा शहरातल्या बूढा तालाबात किंवा खारूनमध्ये सोडू नये. तो तिथला नाही, आणि तगला तर तिथल्यांना जगू देणार नाही. दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

टाकी मांडायला दिवाळीनंतरचे दिवस रायपुरात सर्वांत चांगले. हीटर लावून पाणी 26-27 अंशांवर ठेवले तर डिसेंबर संपेपर्यंत सायकल पुरी होते, संक्रांतीला मॉली येतात, माघात गोबी, फाल्गुनात क्रोमाइड, आणि उन्हाळा तापण्यापूर्वी वस्ती मुरलेली असते. या दिवाळीत टाकी घेणार असाल तर तिच्याबरोबर मीठ, रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट आणि नवसागर एवढेच घरी आणा. मासे संक्रांतीपर्यंत दुकानातच राहू द्या.